खेळांतील ड्रम उघडावा काय ?

यंत्र उघडून पाहणें हा आमच्या कित्येक घरांतून अद्यापि एक प्रकारचा अपराधच समजला जातो. मुलानें घड्याळाचें झांकण काढलें किंवा मुलीनें रेडिओच्या पाठीमागचे स्क्रू सैल केले, कीं "मोडलेंस ना शेवटीं !" हाच पहिला उद्गार कानीं पडतो. वस्तु मोडली जात आहे कीं सुधारली जात आहे, हें पाहण्यापुरता धीरहि कोणास राहत नाहीं. या समजुतीविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यासाठीं घड्याळ किंवा रेडिओ यांसारखी प्रतिष्ठित वस्तु न घेतां आम्हीं मुद्दामच एक खेळणें निवडलें आहे. तें म्हणजे संगीताच्या व्हिडिओ गेममधील ड्रम. खेळण्याचें नांव निघालें म्हणून पालकांनीं पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

ज्यांच्या पाहण्यांत हा खेळ आला नसेल त्यांच्याकरितां त्याचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९९५ सालीं अ‍ॅलेक्स रिगोपुलोस व एरन एगोझी या दोघां तरुणांनीं हार्मोनिक्स नांवाची कंपनी काढली. ज्यास वाद्य वाजवितां येत नाहीं त्यालाहि वाजविण्याचा आनंद मिळावा, असा त्यांचा हेतु होता. या कंपनीनें २००५ मध्यें 'गिटार हिरो' हा खेळ तयार केला आणि २००७ च्या नोव्हेंबरांत 'रॉक बँड' हा दुसरा. या दुसऱ्या खेळाच्या पेटींत गिटार व मायक्रोफोन यांच्या जोडीला प्लॅस्टिकचा एक ड्रमसंच आला : तांबडें, पिवळें, निळें व हिरवें अशीं चार वाटोळीं पॅडें, हातांत धरण्यास दोन काठ्या आणि पायानें दाबावयाचें एक पेडल. पडद्यावर एक रस्ता आपल्याकडे सरकत येतो. त्यावरून निरनिराळ्या रंगांच्या खुणा येतात. खूण ठराविक रेषेवर पोंचतांच त्या रंगाच्या पॅडावर काठी पडली पाहिजे. नारिंगी आडवी पट्टी आली कीं पाय. पुढील वर्षीं 'गिटार हिरो वर्ल्ड टूर' या खेळाबरोबर तीन पॅडें व वर उचललेल्या दोन झांजा असा निराळ्या घाटाचा संच निघाला; एव्हांना तो खेळ दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला होता.

अशा संचाला कंट्रोलर म्हणतात. त्याला स्वतःचा आवाज नाहीं. ऐकूं येतो तो केवळ काठीचा टक् टक् असा ठोका. गाण्यांतील खरा ड्रम कोणी तरी वादकानें पूर्वींच वाजवून ठेवलेला असतो. आपण वेळेवर मारलें तर तो ऐकूं येतो, चुकलों तर तेवढ्यापुरता मुका होतो. वाद्यापेक्षां परीक्षेच्या पत्रिकेशींच याचें नातें अधिक जवळचें, असें म्हटल्यास तें अगदींच खोटें होणार नाहीं.

परंतु परीक्षा घेणारें यंत्रच जर चुकूं लागलें तर ? येथूनच आमच्या विषयाला आरंभ होतो. पहिल्या संचाचें पेडल प्लॅस्टिकचें होतें, आणि आवेशानें खेळणाऱ्यांच्या पायाखालीं तें मधोमध दुभंगूं लागलें. पॅडें कठीण असल्यामुळें ठोक्यांचा खडखडाट शेजाऱ्यांपर्यंत जाई, व पेडलाचा धक्का जमिनींतून खालच्या मजल्यावर. यावर दुकानाकडे धांवत जाणारे जसे होते, तसेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणारेहि निघाले. कोणीं पेडलाच्या पाठीस धातूची पट्टी ठोकली. कोणीं प्लायवुड कापून नवें पेडल केलें. कोणीं पॅडांवर मऊ रबराचा थर चिकटविला, तर कोणीं संगणकाच्या माउसखालची गादी कापून तीच वर लावली. २००८ मध्यें 'रॉक बँड'ची दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां तिच्या पेडलास धातूचा आधार होता व पॅडें कमी आवाज करणारीं होतीं. म्हणजे जें खेळणाऱ्यांनीं आपापल्या घरीं करून पाहिलें होतें, तेंच पुढें कारखान्यानें केलें.

हीं झालीं सुताराचीं व चांभाराचीं कामें. पॅडाच्या आंत शिरलें म्हणजे गोष्ट अधिक मनोरंजक होते, आणि आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें थांबावें. पॅडाच्या पोटांत रुपयाच्या नाण्यासारखी एक पातळ चकती असते व तिला दोन तारा डाखलेल्या असतात. १८८० सालीं पिएर क्यूरी व त्याचा भाऊ जॅक यांनीं असें दाखवून दिलें कीं, क्वार्ट्झसारख्या कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् प्रकट होते. या चकतीचें सर्व काम त्या शोधावर चालतें. काठी पडली, चकती कांपली, तारांत क्षणभर विद्युद्दाब उत्पन्न झाला, आणि आंतील सर्किटानें तो मोजला. दाब एका ठराविक मर्यादेच्या वर गेला तरच सर्किट त्यास ठोका म्हणतें. या मर्यादेला आपण उंबरठा म्हणूं.

उंबरठा फार उंच असला तर हलका ठोका दाराबाहेरच राहतो आणि खेळणाऱ्याचें बरोबर उत्तर चूक ठरतें. तो फार खालीं असला तर निळ्या पॅडावर मारलेल्या ठोक्याच्या धक्क्यानें शेजारचें हिरवें पॅडहि हजेरी देतें. वर्गांत एकाला प्रश्न विचारावा आणि शेजारच्यानें उत्तर द्यावें, तसा हा प्रकार. तिसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. एकदां काठी पडल्यावर चकती कांहीं काळ कांपतच राहते, म्हणून पहिल्या ठोक्यानंतर सर्किटाला थोडा वेळ कान झांकून घ्यावे लागतात. किती वेळ ? समजा, गाण्याची गति मिनिटास १८० मात्रांची आहे. एक मात्रा म्हणजे सेकंदाचे ३३३ सहस्रांश. एका मात्रेंत चार ठोके असतील तर दोन ठोक्यांतील अंतर केवळ ८३ सहस्रांश. कान झांकण्याचा काळ १०० सहस्रांश ठेवला कीं एक आड एक ठोका वायां गेला. तो अगदींच थोडा ठेवला तर एका ठोक्याचे दोन मोजले जाण्याचें भय. या दोहोंमधील जागा शोधणें हेंच पॅड सुधारणाऱ्याचें खरें काम. तो चकतीखालीं फोम घालतो, ती चौकटीपासून अलग करितो, तारांमध्यें कमीजास्त करतां येणारा रेझिस्टर बसवितो, मारून पाहतो, पुन्हां उघडतो. कारखानदारांनाहि या खटपटीचें महत्त्व पटलें होतें. 'वर्ल्ड टूर'चा ड्रम संगणकाला जोडून पॅडांची संवेदनशीलता बदलण्याची सोय निर्मात्यांनींच पुढें उपलब्ध करून दिली.

आमच्या मतें, खेळ खेळतांना जितकें शिकावयास मिळतें त्याहून पुष्कळ अधिक या खटपटींत मिळतें. तथापि पालक म्हणतील, "मुळांत खेळच वेळ खाणारा, त्यांत आणखी त्याची दुरुस्ती कशाला ?" या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घटका-घटका पडद्यापुढें बसण्याची तरफदारी आम्हांस करावयाची नाहीं. पण दोन कामांतील फरक पाहावा. खेळतांना प्रश्न यंत्राचे असतात व उत्तरेंहि यंत्रानें ठरविलेलीं असतात. यंत्र उघडल्यावर मात्र प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो : हलका ठोका कां लागत नाहीं ? त्याचें उत्तर पडद्यावर येत नाहीं. तें चकती, फोम, तार यांतून एकेक गोष्ट वगळीत शोधावें लागतें. प्रयोगशाळेंत आम्ही जी पद्धति शिकविण्याचा प्रयत्न करितों आणि जी वहींत उतरून घेतल्यानें कोणासच येत नाहीं, तीच ही. तबलजी बैठकीपूर्वीं हातोडीनें गठ्ठे वरखालीं करितो, तेव्हां 'तबला कां ठोकतोस ?' असें त्यास कोणी विचारीत नाहीं.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडूनच येतो व तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. यंत्रांत बदल करून मिळविलेले गुण खरे कीं खोटे ? यावर सरसकट उत्तर देतां येणार नाहीं. ज्या बदलानें मारलेला ठोका मोजला जातो, तो न्याय होय. ज्या बदलानें न मारलेला ठोका मोजला जातो, ती लबाडी होय. मग ती कितीहि चतुराईनें केलेली असो. कान झांकण्याचा काळ मुद्दाम कमी करून एका फटक्यांत दोन गुण घेणारा मुलगा उत्तरपत्रिकेंत दुसऱ्याचें पान जोडणाऱ्यापेक्षां निराळा नाहीं. पण दुसऱ्या पेडलाचें काय ? 'रॉक बँड'चें पेडल म्हणजे लोहचुंबकानें चालणारा एक साधा स्विच. बाजारांत मिळणाऱ्या दुभागी तारेनें एकाच छिद्रांत दोन पेडलें जोडतां येतात, व दोन्ही पायांनीं जलद ठोके देतां येतात. आम्ही याला लबाडी म्हणणार नाहीं. खऱ्या ड्रमवरहि वादक दुहेरी पेडल वापरतात. २००९ च्या 'गिटार हिरो : मेटॅलिका' या खेळानें तर दुसऱ्या पेडलासाठीं निराळी, अधिक कठीण पायरीच ठेविली. शिवाय हीं पेडलें समांतर जोडलेलीं असल्यामुळें एक पाय दाबून धरला तर दुसऱ्याचा ठोका मोजला जात नाहीं. म्हणजे सोय मिळाली खरी, पण पाय उचलण्याची शिस्तहि तिच्याबरोबर आली. अट एवढीच कीं, ज्यांच्याशीं स्पर्धा आहे त्यांना दोन पेडलें आहेत हें ठाऊक असावें.

येथपर्यंत आम्ही खेळ नीट चालावा एवढ्यासाठींच ड्रम उघडला. पण कित्येकांनीं तो खेळाच्या बाहेर नेला, आणि आमचें खरें कौतुक त्यांच्यासाठीं राखलेलें आहे. १९८३ सालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या विजेच्या वाद्यांना परस्परांशीं बोलतां यावें म्हणून मिडी नांवाची एक सामाईक भाषा ठरली. तिच्यांत एक ठोका म्हणजे तीन आंकडे : ठोका पडला ही सूचना, कोणत्या वाद्यावर, आणि किती जोरानें. पायाच्या मोठ्या ड्रमला ३६, स्नेअरला ३८, मिटलेल्या जोडझांजेला ४२, आणि जोर १ पासून १२७ पर्यंत. जुन्या खेळांतील पॅड घ्यावें, त्याच्या चकतीच्या तारा आर्डुइनोसारख्या छोट्या संगणकफळीला जोडाव्या. फळी विद्युद्दाब ० पासून १०२३ पर्यंतच्या आंकड्यांत वाचते. त्यास आठानें भागावें व मिडीच्या भाषेंत संगणकाकडे पाठवावें. इतकें केलें कीं मुकें पॅड बोलूं लागतें. हलकें मारलें तर हलकें, जोरानें मारलें तर जोरानें. खेळांत वेळ चुकली नाहीं म्हणजे पुरे होतें. येथें हात कसा पडला हेंहि ऐकूं येतें. गिटारच्या कंट्रोलरवर पांच बटणें दाबून कोणास खरी गिटार आली असेल असें आम्हांस वाटत नाहीं; पण ड्रमच्या सर्वांत कठीण पायरीवर हातापायांच्या हालचाली खऱ्या वादनाच्या पुष्कळच जवळ जातात, आणि म्हणूनच या रूपांतराला अर्थ आहे. उलट दिशेनेंहि हीच वाट मोकळी आहे. 'वर्ल्ड टूर'च्या ड्रमला मिडीचें छिद्र होतें, व २०१० मध्यें 'रॉक बँड ३' साठीं एक जोडपेटी निघाली. त्यांच्यायोगें विजेचा खरा ड्रमसंच खेळाला जोडतां येई.

यंत्र माणसाच्या मापाचें करून घेणें याचा याहून मोठा दाखला पाहिजे असेल तर तो खेळाबाहेर, खऱ्या रंगमंचावर आहे. रिक अ‍ॅलन हा इंग्लंडमधील 'डेफ लेपर्ड' या वाद्यवृंदाचा ड्रमवादक. ३१ डिसेंबर १९८४ रोजीं मोटारीच्या अपघातांत त्याचा डावा हात गेला. त्या वेळीं तो एकवीस वर्षांचा होता. दोन हात व दोन पाय यांची कामगिरी ज्या वाद्यांत ठरूनच गेलेली, तें वाद्य आतां त्याला बंद झालें, असें कोणीहि म्हटलें असतें. पण विजेच्या ड्रममध्यें ठोका कोठें पडतो व आवाज कोठून निघतो यांचा संबंध तारेनें जोडलेला असतो. आणि जें तारेनें जोडलें तें दुसरीकडेहि जोडतां येतें. विजेचे ड्रम करणाऱ्या सिमन्स या इंग्रज कंपनीच्या साहाय्यानें त्याच्यासाठीं निराळा संच तयार झाला. जे ठोके डावा हात देई ते डाव्या पायाखालच्या पेडलांकडे सोंपविण्यात आले. वर्षानुवर्षें एका हाताला असलेली संवय पायाला शिकवावयाची, तीहि गतीसह, हें केवढें कष्टाचें काम असेल याची कल्पना ज्यानें एकदां तरी ताल धरून पाहिला आहे त्यालाच येईल. १९८६ च्या ऑगस्टांत कॅसल डॉनिंग्टन येथील मोठ्या जलशांत तो त्या संचावर वाजवावयास बसला, आणि पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या 'हिस्टेरिया' या अल्बममध्यें ड्रम त्याचाच आहे. जो संच तयार मिळाला तसाच वापरावयाचा, हा नियम त्यानें पाळला असता तर ?

खेळाच्या ड्रमांतहि हाच मार्ग खुला आहे. ज्याला पाय चालवितां येत नाहीं त्याच्यासाठीं पेडलाचें काम कोपराखालच्या स्विचाकडे देतां येतें, कारण पेडल म्हणजे शेवटीं दोन तारांचा स्विचच. २०१८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें अपंग खेळाडूंसाठीं काढलेल्या कंट्रोलरच्या अंगावर साधे स्विच जोडण्यासाठीं ३.५ मिलिमीटरचीं १९ छिद्रें ठेविलीं आहेत. आम्हांस हीं छिद्रें फार मोलाचीं वाटतात. वस्तु करणाऱ्यानें वापरणाऱ्यासाठीं एक दार उघडें ठेवावें, एवढीच आमची कारखानदारांकडे मागणी आहे. कारण कारखानदार कायमचा नसतो. 'गिटार हिरो' चालविणाऱ्या कंपनीनें तो व्यवसाय २०११ च्या फेब्रुवारींत बंद केला. मॅड कॅट्झ या साधनें करणाऱ्या कंपनीचें २०१७ मध्यें दिवाळें वाजलें. २०१५ मध्यें निघालेल्या 'रॉक बँड ४' साठीं नवीं गाणीं देणें २०२४ च्या जानेवारींत थांबलें. घरोघरच्या माळ्यांवर पडलेले ड्रम मात्र राहिले, आणि त्यांपैकीं जे आज वाजतात त्यांत हौशी लोकांच्या स्क्रू-ड्रायव्हरचा मोठा वांटा आहे. 'क्लोन हिरो' नांवाचा, हौसेनें तयार केलेला व विनामूल्य मिळणारा खेळ आज अशा जुन्या संचांना व मिडीच्या ड्रमांनाहि आपल्यांत घेतो.

आतां कांहीं सूचना, थोडक्यांत. आरंभ नव्या वस्तूवर करूं नये. जुनी, बिघडलेली व स्वतःची असावी, धाकट्या भावाची नसावी. उघडण्यापूर्वीं बॅटऱ्या काढाव्या, तार संगणकापासून सोडवावी. प्रत्येक पायरीचें छायाचित्र घ्यावें व स्क्रू एका वाटींत ठेवावे. भिंतीतील विजेवर चालणारा अ‍ॅडॉप्टर व जुना कांचेच्या नळीचा टेलिव्हिजन हीं मात्र कोणत्याहि विद्यार्थ्यानें उघडूं नयेत. त्यांत जिवास धोका आहे. सोल्डरमध्यें बहुधा शिसें असतें, म्हणून डाख देतांना खिडकी उघडी असावी, जागा जेवणाच्या टेबलाची नसावी, आणि नंतर हात साबणानें धुवावे.

ज्यांच्या घरीं असा ड्रम नाहीं, आणि बहुतेकांच्या घरीं तो नसणारच, त्यांनीं हिरमुसलें होऊं नये. तीच चकती मोडक्या अलार्मच्या घड्याळांत किंवा आवाज करणाऱ्या खेळण्यांत पुष्कळदां सांपडते. ती वाटोळी, पितळेची व मध्यें पांढरट थर असलेली असते. तिच्या दोन तारांना एक लहानसा एल्.ई.डी. दिवा जोडावा, संध्याकाळीं खोलींत अंधार करावा, आणि आईवडिलांस जवळ बोलावून चकतीवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानें नीट ठोका मारावा. बॅटरी नाहीं, प्लग नाहीं. तरी दिवा क्षणभर लुकलुकेल. नाहीं लुकलुकला तर तारा उलट करून पाहाव्या, थोडें जोरानें मारून पाहावें, आणि कोणत्या बदलानें काय झालें तें वहींत लिहून ठेवावें.